सोयर, शेक आणि सव्वा महिना

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे रामजी आणि भीमाबाई यांचं चौदावं अपत्य. शाळेच्या पुस्तकात हे वाक्य इतक्यांदा वाचून झालेलं असतं की त्यातला आकडा टोचेनासा होतो. चौदा बाळंतपणं, आणि त्यांतून हाताशी आलेली मुलं मोजकीच. हे घराणं मूळचं मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचं. शेजारच्या दापोली तालुक्यात समुद्राकाठी मुरूड आहे. तिथल्या धोंडो केशव कर्व्यांची, म्हणजे पुढच्या महर्षी कर्व्यांची, पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली बाळंतपणात गेली. वय अवघं सत्तावीस. मागे राहिलेला मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या जुन्या बाळंतपणाविषयी बोलताना ही दोन घरं नजरेसमोर ठेवलेली बरी. एरवी आपल्याकडे या विषयावर दोनच सूर लागतात. 'आमच्या वेळच्या बायका लावणी करता करता बांधावर बाळंत व्हायच्या आणि संध्याकाळी पोर पदरात घेऊन घरी यायच्या,' हा एक. 'पूर्वी बाळंतिणीचे किती लाड होते, आता तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज,' हा दुसरा. गंमत म्हणजे दोन्ही सूर पुष्कळदा एकाच तोंडून निघतात आणि दोन्हींत थोडं थोडं खरं असतं. लाड होते, पण ज्या घरात भाताची कणगी भरलेली होती तिथे. बांधावरची बाळंतपणंही होत, पण हौसेने नव्हे.

आधी बाळंतिणीची खोली पाहू. कोकणातल्या कौलारू घरात माजघराला लागून एक अंधारी खोली असे. एखादाच झरोका, तोही वारा लागू नये म्हणून गोणपाटाने बुजवलेला. सातव्यानंतर लेक माहेरी आली की ती खोली रिकामी व्हायची, शेणाने सारवली जायची, सुंभाची बाज आत यायची. मूल झालं की दहा दिवस सोयर. त्या दिवसांत बाळंतिणीने चुलीला शिवायचं नाही, देवाला नाही, विहिरीच्या रहाटाला नाही. जेवणाचं ताट दारातून आत सरकवायचं.

या नियमामागे काळजी नव्हती, विटाळ होता. हे मान्य करायला आपण कचरतो आणि मग पूर्वजांना विज्ञान कसं ठाऊक होतं याच्या गोष्टी रचतो. पण विटाळापोटी जे घडलं ते बाईच्या पथ्यावर पडलं. पहाटे उठून पाणी ओढायचं, जात्यावर बसायचं, गोठा काढायचा, असं बारा महिने चालायचं. त्या बाईला कुणी काम सांगूच शकत नाही, असे आयुष्यातले हे एवढेच दिवस. सोयर फिटल्यावरही सव्वा महिना तिने देवळात जायचं नाही, थंड पाण्यात हात घालायचा नाही, असा दंडक होता. गर्भाशय मूळ आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात. आजही बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांच्या आत त्याच कारणाने बाई दगावली तर तो मातामृत्यू म्हणून नोंदला जातो. सव्वा महिना आणि बेचाळीस दिवस, यांत फारसं अंतर नाही. बायका कधी सावरतात आणि कधी दगावतात हे पिढ्यानपिढ्या बघून हा हिशेब बसला असावा.

त्याच खोलीने जीवही घेतले. विटाळ म्हणून बाळंतिणीच्या वाट्याला घरातलं सगळ्यात टाकाऊ येई. फाटकं जुनेर, जीर्ण गोधडी, मोडकळीला आलेली बाज, कारण पुढे ते टाकूनच द्यायचं असे. नाळ कापण्याचं कामही हलकं मानलेलं. सुईण अनुभवी असे. पोटावर हात फिरवून मूल आडवं आहे की पायाळू हे ती सांगे, अडलेल्या बाईला धीर देई, रात्रभर कंबर चोळी. पण ती हात धुवायची ते काम झाल्यावर, आधी नव्हे. नाळ कापायला कोयता, विळा नाहीतर बांबूची धारदार कामटी. वर राख, हळद, कुठे कुठे शेणसुद्धा. याबद्दल एकट्या सुईणीला नावं ठेवायचं कारण नाही. व्हिएन्नाच्या नामांकित इस्पितळात डॉक्टर मंडळी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतपणं करत होती. इग्नाझ सेमेलवाइसने १८४७ साली त्यांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले तेव्हा तिथला बाळंतज्वर झपाट्याने ओसरला, आणि त्याच्या वाट्याला सहकाऱ्यांची नाराजी आली.

नाळेच्या या जखमेचा संबंध पाचवीच्या पूजेशी आहे, असं मला वाटतं. पाचवीला संध्याकाळी खोलीत पाटा-वरवंटा मांडतात. वरवंट्याला हळदकुंकू, कापसाचं वस्त्र. शेजारी तांदळाची रास, नारळ, विडा, नाळ कापलेला कोयता, आणि कोरा कागद नि लेखणी. सटवाई रात्री येऊन बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहिते, तिची अडचण व्हायला नको. पणती विझू द्यायची नाही, बाळाला एकटं ठेवायचं नाही, बायकांनी जागरण करायचं. जपायची ती हीच रात्र का? नवजात बाळाच्या धनुर्वाताकडे पाहिलं की उलगडा होतो. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. मळक्या हत्यारातून ते नाळेत शिरतात, आणि तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान, बहुतेकदा पहिल्या आठवड्याच्या सुमारास, बाळ दूध ओढेनासं होतं. जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखं ताठतं. चांगलं खणखणीत रडणारं मूल असं पाचव्या-सहाव्या दिवशी हातचं जाताना ज्यांनी पाहिलं, त्यांना ती रात्र कुणा देवतेची वाटली तर नवल नाही. आणि पूजेत मानाने मांडलेला कोयताच पुष्कळदा गुन्हेगार असे.

पुढे गरोदर बाईला धनुर्वाताचं इंजेक्शन आलं. गावोगावच्या दाईंना सरकारने शिकवलं, नवं ब्लेड, स्वच्छ दोरा आणि साबण असलेली पेटी दिली. मग दवाखान्यातली बाळंतपणं वाढली. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर मान्य केलं. पाचवी अजून होते. कोयत्याच्या जागी स्वयंपाकघरातली सुरी आली आणि लेखणीच्या जागी बॉलपेन.

बाळ वाचवणं एक, आईला वाचवणं दुसरं. बाळंतिणी प्रामुख्याने चार कारणांनी जात: रक्तस्राव, ताप, आकडी आणि अडलेलं मूल. रक्तस्राव सुरू झाला की दोन-अडीच तासांत खेळ आटोपू शकतो. इथे रत्नागिरीचा भूगोल आडवा यायचा. एका वाडीतून दुसरीत जायचं तर मध्ये पऱ्ह्या, मोठ्या गावाला जायचं तर खाडी, आणि तर, म्हणजे खाडी ओलांडायची होडी, बंद असेल तर सकाळपर्यंत थांबा. डोलीत घालून चार माणसांनी सड्यावरून बाळंतीण न्यायची, तीही पावसात. वाडीतल्या म्हाताऱ्या बोटांवर महिने मोजत त्याला कारण होतं. नवरे मुंबईला गिरणीत. भाद्रपदात गणपतीला चाकरमानी येऊन गेला की हिशेबाने बाळंतपण ज्येष्ठात, म्हणजे ऐन पाऊस धरायच्या वेळेला. शिमग्याला आलेल्याचं मूल मार्गशीर्षात, उघडिपीत. आता याला कुणी शास्त्र म्हणू नये, पण शिमग्याचं पोर सोयीचं, एवढं खरं.

दवाखाने नव्हते असं नाही. मुंबईत केवळ बायका-मुलांसाठी कामा हॉस्पिटल १८८६ साली सुरू झालं. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं मूल दहा दिवसांचं होऊन गेलं होतं, आणि पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच. पण मुंबईतलं इस्पितळ राजापूरच्या वाडीतल्या बाईला किती उपयोगाचं? आणि बाई डॉक्टर नसेल तर घरचे पाठवणारच नाहीत, हा भाग वेगळाच.

खाण्यापिण्याच्या रीतींत मात्र बराच शहाणपणा आहे, आणि काही निव्वळ दुष्टपणाही. शहाणपणा म्हणजे मऊ भात, मेतकूट, साजूक तूप. ओलं खोबरं आणि गूळ घालून आळिवाची खीर. डिंकाचे लाडू, कुळथाचं कढण, शेवग्याचा पाला, भरपूर लसूण. खारव्या-भंडाऱ्यांच्या घरात दूध यावं म्हणून मोरीचं, म्हणजे लहान मुशीचं, कालवण. लोह, प्रथिनं, उष्मांक, सगळं यात आलं. दुष्टपणा तहानेच्या बाबतीत. बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही, पोट सुटतं म्हणे. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान किती लागते हे ज्यांना ठाऊक होतं, त्याच बायका हा नियम राबवत. गरोदरपणी कमी खा, म्हणजे मूल लहान राहील नि सुटका सोपी होईल, हाही त्यातलाच सल्ला. पुण्याजवळच्या खेड्यांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. ज्यांच्या ताटात पालेभाज्या, फळं आणि दूध वारंवार होतं, त्यांची बाळं भरली निघाली. माठ, टाकळा, शेवगा या भाज्या कोकणात परसातच उगवतात, त्यासाठी खिशाला चाट बसत नाही.

पहिल्या दुधाची गोष्ट तर हसावं की रडावं अशी. बाळंतपणानंतरचं पहिलं पिवळसर, घट्ट दूध पिळून टाकायचे. ते जड, ते बाधतं. तीन दिवस बाळाला मध किंवा गुळाचं पाणी. त्याच घरात गाय व्याली की तिचा चीक शेजारीपाजारी वाटला जाई आणि वेलदोडा घालून त्याचा खरवस होई. गाईच्या चिकाचं मोल कळत होतं, आईच्या चिकाचं नाही. रोगप्रतिकारक द्रव्यं याच दुधात सर्वांत जास्त असतात, म्हणून जन्मल्यावर तासाभरात बाळाला पाजायला घ्या, असं आता आशाताई घरोघर सांगतात.

बाळगुटीबद्दल मी इतकं फटकळ बोलणार नाही. सहाणेवर पाण्याचे चार थेंब, त्यात मुरडशेंगेचे दोन वेढे, वेखंडाचा एक, हळकुंडाचा एक, सुंठ, हिरडा, जायफळ अगदी निसटतं, खारीक नि बदाम सर्वांत शेवटी. बाळ महिन्याचं झालं की एखादा वेढा वाढवायचा. रडतंय फार, तर मुरडशेंग वाढवा. झोपत नाही, तर जायफळ, पण जपून. गुटी उगाळणाऱ्या आजीच्या मनगटात मोजमाप असे आणि रोजच्या उगाळण्यात ती बाळाचं पोट, शी, अंगाचा कढ सगळं निरखत असे. औषधाइतकाच उपयोग या निरखण्याचा होता, असा माझा अंदाज आहे. डॉक्टर आता सांगतात की पहिले सहा महिने आईचं दूध सोडून काही नको, पाणीसुद्धा नको, आणि मध तर वर्षभर नको. त्यांचंच ऐकावं. सहाण, पाणी नि उगाळणारे हात, तिन्ही स्वच्छ असतील याची हमी कोण देणार?

शेकाचंही तसंच. निर्गुडीचा पाला घालून उकळलेल्या पाण्याचं कढत न्हाण, खोबरेल जिरवलेलं अंग, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओवा-बाळंतशेपांची धुरी. दुखऱ्या अंगाला ऊब बरी वाटते यात शंका नाही. ही रीत आपलीच आहे असंही नाही. थिबा राजाला १८८६ साली ब्रह्मदेशातून आणून रत्नागिरीत ठेवलं, आणि त्याची चौथी राजकन्या १८८७ साली इथेच जन्मली. ब्रह्मदेशात बाळंतिणीच्या अंगाला हळद फासून तिला विस्तवाशेजारी ठेवण्याची जुनी चाल होती. त्या परक्या राणीच्या दासींना रत्नागिरीकरणींची शेगडी पाहून फारसं नवल वाटलं नसेल. धोका निखाऱ्यांत नव्हता, बुजवलेल्या झरोक्यात होता. कोंडलेल्या खोलीत जळत्या कोळशाचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो, आणि आई नि बाळ दोघंही झोपलेली असतात.

आता चित्र पार पालटलं आहे. पाळी चुकली की आशाताईच्या वहीत नाव. लोहाच्या गोळ्या, रक्तदाब, सोनोग्राफी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची खास तपासणी. वेणा सुरू झाल्या की १०८ ला फोन. खाड्यांवर पूल झाले, जिल्हा रुग्णालय आहे, डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली आढळली. २०१८–२० या काळात राज्यात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. देशाची सरासरी ९७ होती. राधाबाईंच्या काळाशी याची तुलनाच नको.

त्याच पाहणीत राज्यातली २५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसतात. काही खरोखर गरजेची, काही सोयीची, आणि काही चक्क मुहूर्ताची. ज्योतिषाकडून वेळ काढून आणायची आणि त्या घटकेला पोट कापून मूल बाहेर काढायचं, हे सटवाईलाही सुचलं नव्हतं. ती बिचारी पाचवीपर्यंत थांबायची. गरोदर बाईने ग्रहणात भाजी चिरू नये हा नियम निदान कुणाला इजा तरी करत नव्हता.

डोहाळजेवणाचं रूपही बदललं. तिसऱ्या महिन्यातली चोरचोळी जवळपास गेली. ती घरातल्या घरात, गुपचूप होणारी, म्हणून तिचा फोटो निघत नाही. सातव्यातली हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा हे सगळं टिकलं, उलट हॉलमध्ये गेलं. होडीतलं डोहाळजेवण खाडीकाठच्या गावांत होतंच, आता त्याला ड्रोनचं चित्रीकरण आलं. झाकलेल्या वाट्यांतली एक उचलायची, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, हा खेळही चालू आहे. तो खेळच राहावा म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वांत आधी, गर्भलिंगनिदानावर कायद्याने बंदी आणली. देशाचा कायदा १९९४ चा.

या थाटाला माझी हरकत नाही. बाळंतपणं एक किंवा दोनच होणार म्हटल्यावर माणसं हौस करणारच. महाराष्ट्रात आता बाईमागे सरासरी दोनसुद्धा मुलं होत नाहीत. राधाबाईंचा मुलगा रघुनाथ, म्हणजे र. धों. कर्वे, यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्याबद्दल त्यांनी नोकरी गमावली, खटले सोसले, आणि समाजाने त्यांना वाळीत टाकल्यासारखंच वागवलं. आज डोहाळजेवणाच्या हॉलमध्ये त्यांची आठवण कुणी काढत नाही, पण एका बाळंतपणाचा एवढा सोहळा परवडतो तो त्यांच्यासारख्यांमुळे.

गेलं ते काय, तर माणूसबळ. पूर्वी मुंबईची लेक बाळंतपणाला कोकणात यायची, आता कोकणातली आई मुंबईला, पुण्याला किंवा थेट अमेरिकेला जाते. व्हिसावर सहा महिने एक आजी, ती परतली की दुसरी. बॅगेत आळीव, डिंक, बाळंतशेपा, सहाण. गावात सुईण उरली नाही, पण बाळाला न्हाऊ घालणाऱ्या, बाळंतिणीला तेल लावणाऱ्या मावशींना शहरात इतकी मागणी आहे की सातव्यातच त्यांना सांगून ठेवावं लागतं. सोयर मात्र आता फारसं कुणी पाळत नाही, आणि ते बरंच झालं. फक्त त्याच्याबरोबर ती सक्तीची विश्रांतीही गेली. चौथ्या दिवशी टाके घेतलेली बाई पाहुण्यांना चहा विचारते.

विश्रांती विटाळाच्या नावाने नव्हे तर हक्काने मिळावी, यासाठी मुंबई इलाख्यात पहिला कायदा झाला तो १९२९ साली, कारखान्यातल्या बायकांसाठी. गिरणगावात तेव्हा रत्नागिरीकरणी पुष्कळ होत्या. त्या विधेयकाच्या बाजूने १९२८ साली कायदेमंडळात झालेल्या भाषणांत त्या चौदाव्या अपत्याचं, डॉ. आंबेडकरांचं भाषण आहे. आईला बाळंतपणात विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, असं त्यांनी तिथे मांडलं. देशभराचा कायदा १९६१ मध्ये आला, आणि २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. बँकेतली, शाळेतली, कंपनीतली बाई ती घेते. आंब्याच्या बागेत मजुरीला जाणारी, मासळी सुकवणारी, लावणीला वाकणारी बाई त्या कायद्यात बसत नाही. तिला सरकारच्या मातृवंदना योजनेचे पहिल्या खेपेला ५,००० रुपये मिळतात, तेही हप्त्याहप्त्याने, आणि दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर ६,०००, बँक खातं नि आधार जुळलं तर. तेवढ्यात सव्वा महिना बाजेवर काढणं होत नाही, आणि मूल तीन आठवड्यांचं असताना ती पुन्हा कामावर हजर असते.